विमा असूनही जाबदार

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस हातात पडली की जुन्नर-आंबेगावातल्या गाडीमालकाला पहिला प्रश्न पडतो तो हा: विमा चालू आहे, हप्ता भरलेला आहे, मग जाबदार म्हणून माझे नाव का? प्रश्न स्वाभाविक आहे, त्यामागची समजूत मात्र चुकीची आहे. थर्ड पार्टी विमा मुळात मालकाच्या बचावासाठी जन्माला आला नाही. गाडीखाली सापडलेल्या तिऱ्हाइताला किंवा त्याच्या मागे राहिलेल्यांना पैसे मिळावेत, म्हणून सरकारने तो मालकाला सक्तीने घ्यायला लावला. त्या पैशांची वाट मालकावरच्या दाव्यातूनच जाते, आणि ती तशी का आखली गेली हे कायद्याचा मागोवा घेतल्यावर कळते.

ही सक्ती येण्याआधी मृताच्या वारसांना १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याचा आधार होता. त्यासाठी दिवाणी दावा लावायचा, मागणीच्या प्रमाणात कोर्ट फी भरायची, निष्काळजीपणा सिद्ध करायचा आणि एवढे करून हुकूमनामा हाती आला तरी वसुली समोरच्याच्या ऐपतीवर सोडायची. इंग्लंडने १९३० मध्ये मोटारविमा सक्तीचा केला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ती तरतूद आली, पण विम्याचे प्रकरण प्रत्यक्ष लागू झाले १ जुलै १९४६ पासून. १९५६ च्या दुरुस्तीने स्वतंत्र न्यायाधिकरणांची सोय केली, आणि जिथे न्यायाधिकरण नेमले गेले तिथे दिवाणी न्यायालयाचा मार्ग बंद झाला. या रचनेतली मेख १९५९ मध्ये इतबार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केली: विमा कंपनीला कायद्यात मोजून दिलेलेच बचाव घेता येतात. चालकाची चूक नव्हती, असे म्हणण्याचा अधिकार मुख्यतः मालक-चालकाचा. मालकाने संगनमत केले किंवा दावा लढवलाच नाही, तर न्यायाधिकरणाच्या परवानगीने कंपनी त्याच्या जागी उभी राहू शकते. म्हणजे नोटीस कपाटात टाकून देणारा मालक स्वतःचे तोंड आपणच बंद करतो.

पुढचा टप्पा दोषाच्या प्रश्नाचा. चूक सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही, असे १९७७ मध्ये मिनू मेहता खटल्यात ठरले. संसदेने १९८२ मध्ये त्याला मुरड घातली: चूक कोणाचीही असो, मृत्यूसाठी १५,००० रुपये. ही रक्कम आज तुटपुंजी वाटेल, पण तत्त्व मोठे होते. १९९४ च्या दुरुस्तीचा लाभ या तालुक्यांना विशेष झाला असे मला वाटते. तोवर अपघात जिथे झाला तिथल्याच न्यायाधिकरणात दावा लावावा लागे. वाशीला माल घेऊन गेलेला माणूस वाटेत रायगड जिल्ह्यात दगावला, तर त्याच्या बायकोने तिकडे खेटे घालायचे. १९९४ पासून ती स्वतः राहते त्या हद्दीतल्या न्यायाधिकरणात दावा लावू शकते.

कायदा असा पीडिताच्या दिशेने सरकत आला, तरी या भागातल्या गाड्या ज्या रीतीने वापरल्या जातात, तिथे त्याला भगदाड पडते. नारायणगावचा टोमॅटो, मंचरचा कांदा-बटाटा, साखर कारखान्यांचा ऊस यांवर इथली वाहतूक उभी आहे. पश्चिमेच्या आदिवासी गावांतून मजूर कामाला येतात, आणि एसटी वेळेवर नसली की मालवाहू पिकअपच्या हौद्यात किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतात. मालवाहू गाडीत फुकट किंवा पैसे देऊन बसलेल्या प्रवाशाचे काय? सत्पाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले होते. २००२ च्या अखेरीस आशा राणी खटल्यात तो निर्णय फिरवला गेला. मालासोबत जाणाऱ्या मालाच्या धन्याला किंवा त्याच्या माणसाला १९९४ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे, वाटेत हात दाखवून बसलेल्या बाईला नाही. ट्रॉलीचा विमा ट्रॅक्टरहून वेगळा लागतो, हेही अनेकांच्या ध्यानात नसते. जुनी गाडी विकून ती एमएच-१४ आरटीओच्या दप्तरी खरेदीदाराच्या नावावर न करणाऱ्याची गत आणखी वाईट, कारण नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, असे २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात ठरले आहे. चालकाकडे परवाना नसेल तर २००४ च्या स्वर्ण सिंग निकालानुसार कंपनी आधी पीडिताला पैसे देते आणि मग मालकाकडून वसूल करते. मात्र मालकाने हयगय केली हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो. निवाड्याची रक्कम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करण्याची तरतूद कायद्यात आहे. शेतकरी मालकासाठी याचा अर्थ सरळ आहे: गाडीचे देणे जमिनीपर्यंत पोचते.

यावर गावातली शहाणी माणसे म्हणतात, कोर्टात वर्षे घालवण्यापेक्षा चार जणांत बसून मिटवावे. दिरंगाईची तक्रार खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण हिशेब करून पाहावा. महिना १५,००० मिळवणारा, स्वतःचा धंदा असलेला ३५ वर्षांचा माणूस गेला. मागे पत्नी, दोन मुले, आई. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांच्या सूत्राने भावी वाढीचे ४० टक्के धरले, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला आणि १६ ने गुणले, तर ३० लाख २४ हजार होतात. बैठकीत एवढी रक्कम कोणता पिकअपवाला देईल? तो देऊ शकत नाही, म्हणूनच तर विमा आहे. दुसरा आक्षेप असा की, कंपनी पैसे भरते म्हणून चालक बेफिकीर होतात. पण फौजदारी खटला वेगळा चालतो. त्यातला दंड किंवा कैद कोणतीही पॉलिसी भरून देत नाही. आणि बेफिकिरीची शिक्षा म्हणून मृताच्या मुलांचे पैसे अडवणे हा कुठला न्याय?

१७ जानेवारी २०२५ रोजी पुणे-नाशिक महामार्गावर नारायणगावजवळ एका अपघातात नऊ जण गेले. अशा प्रत्येक घराला आता घड्याळाकडे पाहावे लागते. १९९४ मध्ये काढून टाकलेली सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात परत आली आहे. दावेदारांनी तिच्या आत अर्ज करावा. आणि मालकांनो, नोटीस आली तर पॉलिसी, चालकाचा परवाना, परमिट आणि फिटनेसचा दाखला घेऊन पहिल्याच तारखेला हजर राहा.