अणुसामग्रीवरील डिजिटल निगराणी

निरीक्षक हजर नसताना अणुसामग्री गुपचूप हलवली गेली नाही ना, हे चित्रांवरून पडताळणारी कॅमेरा-प्रणाली. व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था (आयएईए) अणुभट्ट्या व वापरलेल्या इंधनाचे तलाव यांवर ती बसवते; जोडीला सील असतात. आरंभी सुपर-८ फिल्मचे जुळे कॅमेरे, मग व्हिडिओ फीत आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस डिजिटल उपकरणे असा तिचा क्रम आहे.

यांत डीसीएम-१४ या जर्मन बनावटीच्या कॅमेरा-मोड्यूलची रचना विशेष अभ्यासण्याजोगी आहे. चित्राचा आकार लहान करणे, दृश्यातील बदल टिपणे, अस्सलपणाची खूण जोडणे, सांकेतिक रूप देणे आणि साठवणे ही कामे कॅमेऱ्यालगतच होतात. वीज गेल्यास बॅटरी असतेच. ही सर्व कामे कॅमेऱ्यालगतच झाल्याने चित्र केबलमध्ये शिरण्यापूर्वीच प्रमाणित झालेले असते. रचनाकारापुढची खरी कसोटी हीच, कारण ज्याच्यावर लक्ष ठेवायचे त्याच्याच आवारात हे उपकरण महिनोन्‌महिने एकटे असते. हेच मोड्यूल मूळ धरून बॅटरीवरचा सुवाह्य संच (एएलआयपी), वीजजोडणीवरचा संच (एएलआयएस) आणि अनेक कॅमेऱ्यांचा सर्व्हर-आधारित संच (एसडीआयएस) उभे राहिले. गाभा एकच असल्याने देखभाल, प्रशिक्षण व चित्र-तपासणीचे सॉफ्टवेअर सामाईक ठेवता आले. पुढे एनजीएसएस ही नव्या पिढीची प्रणाली आली.

अशी निगराणी आयएईएच्या तपासणीचाच भाग असते; भारतात, महाराष्ट्रातील तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या भारत, अमेरिका व आयएईए यांच्या १९७१ च्या त्रिपक्षीय करारानुसार आंतरराष्ट्रीय तपासणीखाली आल्या.