ॲपविझार्ड

ॲपविझार्ड : नवा सॉफ्टवेअर प्रकल्प सुरू करताना काही प्रश्न विचारून त्याचा प्रारंभीचा कोड लिहून देणारी सोय. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ मध्ये ती १९९३ च्या पहिल्याच आवृत्तीत आली. एमएफसी या ग्रंथालयावर बेतलेला प्रोग्राम एका वेळी एकच दस्तऐवज उघडणार की अनेक, त्याला डेटाबेस हवा का, छपाई हवी का, एवढे सांगून ‘फिनिश’ दाबले की बांधणी होऊन चालणारी खिडकी समोर येई. नवशिक्याचे कित्येक दिवस यामुळे वाचले, हे ऋण मान्य करायलाच हवे.

मर्यादा ‘फिनिश’नंतर सुरू होते. तयार प्रकल्पावर हा विझार्ड पुन्हा चालवता येत नाही. दिलेली उत्तरे उत्तरे म्हणून कुठे जपली जात नाहीत. ती कोडात विरघळून जातात. १९९८ च्या सहाव्या आवृत्तीत सहा पायऱ्या असत आणि चौथीवर छपाईची चौकट आधीच खूण केलेली असे. ‘आपल्याला छापायचे कुठे आहे’ म्हणून कोणी ती खूण काढली आणि वर्षभराने ग्राहकाने छपाई मागितली, की त्या एका खुणेचा पसारा कळतो. व्ह्यू वर्गात छपाईच्या तयारीची, आरंभाची आणि शेवटाची अशी तीन फंक्शने, त्याच्या मेसेज मॅपमध्ये तीन ओळी, ॲप्लिकेशन वर्गात प्रिंट सेटअपची एक ओळ, मेनूत तीन कलमे, टूलबारवर बटण, शिवाय रिसोर्स फाइलमध्ये छपाईच्या ठरीव रिसोर्सेसचा समावेश. मेनूत कलम घातले पण मेसेज मॅपची ओळ राहिली, तर ते कलम करडेच दिसते, कारण हँडलर नसलेली आज्ञा एमएफसी आपणहून बंद ठेवते. तयारीचे फंक्शन राहिले, तर प्रिंटचा डायलॉग येतच नाही.

सॉकेट्सचे उदाहरण अधिक फसवे आहे. नेटवर्कवरून संवाद साधण्याच्या या सोयीची चौकट निवडल्यास विझार्ड एक हेडर जोडतो आणि प्रोग्रामच्या सुरुवातीला सॉकेट व्यवस्था जागी करणारी हाक लिहितो. नंतर हाताने सॉकेट्स घालणारा हेडर विसरत नाही, कारण त्यावाचून कंपायलर अडतो. सुरुवातीची हाक मात्र सहज राहून जाते. बांधणी निर्धोक होते, प्रोग्राम उघडतो आणि सॉकेट तयार करताना १००९३ ही चूक हाती येते. एका दस्तऐवजाचा प्रोग्राम अनेक दस्तऐवजांचा करायचा, तर फ्रेमचा वर्ग, डॉक्युमेंट टेम्प्लेट आणि मेनू सगळेच बदलावे लागते.

वर्ग आणि मेसेज हँडलर घालून देणारा जोडीचा क्लासविझार्ड मात्र ‘फिनिश’नंतरही साथ देई. कोडात विशिष्ट टिप्पण्यांनी आखलेल्या कुंपणातच तो लिही. कुंपण हाताने विस्कटले की त्याचा ठाव सुटे. २००२ च्या व्हिज्युअल स्टुडिओ डॉटनेटमध्ये तो काढून टाकला गेला आणि २०१० मध्ये परतला.

राहून गेलेला पर्याय मागाहून घालण्यासाठी प्रोग्रामरांनी शोधलेली युक्ती आजही उत्तम आहे : त्याच नावाचा रिकामा प्रकल्प दुसऱ्या फोल्डरमध्ये हव्या त्या पर्यायांसह तयार करायचा आणि विनडिफसारख्या साधनाने दोन्हींतला फरक ओळीओळीने पाहायचा. नेमके काय कमी आहे ते विझार्डच दाखवून देतो.

विझार्डने लिहिलेला कोड वाईट असतो, हा आक्षेप मला पटत नाही. त्याची खरी अडचण स्मृतीची आहे. आपण लिहिलेल्या कोणत्या ओळी माणसाने नंतर बदलल्या, हे त्याला ठाऊक नसते आणि म्हणून त्याने परत हात न घालणेच सुरक्षित ठरते. पुढच्या साधनांनी यावर वेगवेगळे मार्ग काढले. रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीसाठी २०१६ मध्ये आलेल्या ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ने बांधणीची मांडणी स्वतःकडे झाकून ठेवली; ‘इजेक्ट’ केल्यावर ती सगळी प्रकल्पात उतरे, पण मग परतीची वाट नसे. प्रकल्पाचा सांगाडा तयार करणारे ‘कॉपिअर’ हे साधन मात्र उत्तरे प्रकल्पातच एका फाइलमध्ये ठेवते. उत्तर बदलून अद्ययावत केल्यावर ते नवा सांगाडा आणि माणसाचे बदल एकत्र आणते आणि दोघांनी एकच ओळ बदललेली असेल, तिथे खूण करून निर्णय माणसावर सोपवते.