रित्या कणगीची साक्ष

खर्डीच्या आसमंतातील रानांत दिवाळीनंतर खाजकुयलीच्या लवदार शेंगा वाळू लागतात, आणि त्या लवेचा प्रसाद एकदा मिळालेला माणूस, मग तो ठाकूर असो वा कातकरी, त्या वेलीला वळसा घालूनच जातो. परंतु तिच्या बियांतील एक द्रव्य आणि सर्पगंधेच्या मुळीतील दुसरे, या दोहोंनी मिळून मेंदूच्या अंतर्गत साठवणुकीचे रहस्य उकलले, ही हकिकत या मुलखात घरोघर ठाऊक असावयास हवी.

सर्पगंधेची मुळी उन्मादावर व अनिद्रेवर देण्याची वहिवाट आपल्याकडे जुनी आहे. तथापि पाश्चात्त्य वैद्यकाच्या दप्तरी तिची ठळक नोंद झाली ती १९४९ साली, मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला तेव्हा. १९५२ साली बाझलच्या सिबा कंपनीत तिच्यातून रिसर्पीन निराळे काढण्यात आले. त्याने रक्तदाब उतरे, परंतु काही रुग्णांना खोल विषण्णता घेरी. आणि १९५५ साली अमेरिकेत ब्रोडी, प्लेचर व शोर यांना आढळले, की रिसर्पीन दिलेल्या प्राण्यांच्या मेंदूतील सेरोटोनिन या संदेशद्रव्याची शिल्लकच नाहीशी होते.

ही शिल्लक मज्जातंतूच्या टोकाशी असलेल्या अतिसूक्ष्म पुटिकांत असते. पावसाळ्याच्या बेगमीसाठी शेणाने लिंपलेल्या कणगीत भात भरावे, त्याप्रमाणे पुटिकेच्या आवरणातील वाहक प्रथिन हायड्रोजनचे आयन बाहेर सोडून त्यांच्या मोबदल्यात संदेशद्रव्य आत ओढून घेते, तर निरोप पोचवून पेशींमधील फटीत उरलेले द्रव्य दुसरे वाहक प्रथिन पुन्हा पेशीत दाखल करते. नॉरअ‍ॅड्रिनलिनच्या बाबतीत ही परतीची आवक ज्युलियस अ‍ॅक्सलरॉड यांनी १९६१ साली दाखवून दिली. रिसर्पीन पहिल्या वाहकास अडविते, आणि पुटिकेबाहेर राहिलेल्या द्रव्याचा पेशीतील विकरे फडशा पाडतात. कोठार आहे, हे ते रिते झाल्यामुळे कळले. भरलेल्या कोठाराने ते कधीच सांगितले नसते, असे मला वाटते.

१९५७ साली स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी रिसर्पीनमुळे निश्चल झालेल्या सशांना डोपा हे द्रव्य टोचले, तेव्हा ते थोड्याच वेळात हिंडूफिरू लागले, कारण मेंदूत डोपापासून डोपामिन हे तशाच प्रकारचे संदेशद्रव्य बनते. हेच डोपा मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ सालीच खाजकुयलीच्या बियांतून वेगळे केलेले होते. पुढे १९६० साली व्हिएन्नात कंपवाताने मृत झालेल्यांच्या मेंदूत डोपामिनची तूट आढळली, आणि १९७८ साली मुंबईच्या संशोधकांनी कंपवाताच्या रुग्णांना खाजकुयलीच्या बियांचे चूर्ण देऊन आलेले अनुभव प्रसिद्ध केले.