एक मासा, पाच नावं, पाच सरकारं

बाजारात तारलीचा वाटा घेताना तुम्ही कधी तिला मोठा मासा म्हटलंय का? नसेलच. सुरमई-पापलेट पाहुण्यांसाठी, तारली घरच्यांसाठी. उरलीच तर गळाला आमिष म्हणून किंवा माडाच्या मुळाशी खत म्हणून. माझ्या पीएचडीचा विषय मात्र हाच 'साधा' मासा आहे. लोक हसतात, मलाही सवय झालीय.

शास्त्रीय भाषेत ही सार्डिनेला लॉन्गिसेप्स. पण कागदपत्रांत ती या नावाने क्वचितच भेटते. मालवणात तारली, गोव्यात तारलो, मंगळूरकडे भूताई, मलबारात मत्ती, आणि त्याहून दक्षिणेला त्रावणकोरात चाळा. भूताई हे नाव ऐकून मी पहिल्या वर्षी वहीत 'भूत + आई?' असं लिहून ठेवलं होतं. मार्गदर्शकांनी त्यावर फक्त एक रेघ मारली. तेव्हा कळलं की कानाला गोड वाटलं म्हणून व्युत्पत्ती होत नाही.

आता मूळ अडचण सांगते. ब्रिटिश काळात हा एकच किनारा पाच सरकारांत वाटलेला होता. रत्नागिरी मुंबई इलाख्यात, गोवा पोर्तुगीजांकडे, मंगळूर आणि मलबार मद्रास इलाख्यात, तर कोचीन आणि त्रावणकोर ही संस्थानं. मासा मात्र हद्द बघून पोहत नाही. म्हणजे तारलीचा इतिहास लिहायचा तर पाच दप्तरं उघडायची आणि प्रत्येकात वेगळं नाव शोधायचं. त्यात भर म्हणजे इंग्रज अधिकारी 'सार्डिन' म्हणून मोकळे होतात. त्या एका शब्दात आपली तारली आली की पेडवेही आले, हे कळायला मार्ग नाही. कोळणीला विचारा, ती दोन्ही वेगळे करून दाखवील. मलबारात तर हिला 'नल्ल मत्ती', म्हणजे चांगली मत्ती म्हणतात, बाकीच्या मत्तींपासून वेगळी ओळखू यावी म्हणून.

'चांगली' का? तेलामुळे. मासे उकळायचे, दाबायचे, तेल काढायचं. ते होड्यांच्या लाकडाला लावायचं, चामडं कमवायला वापरायचं. उरलेला चोथा वाळवला की खत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासच्या मत्स्य खात्याने, फ्रेडरिक निकल्सन आणि नंतर जेम्स हॉर्नेल यांच्या काळात, या धंद्यात सुधारणा करायचा प्रयत्न केला. मलबारचं हे खत सिलोनच्या मळ्यांपर्यंत जात असे. म्हणजे कुणाच्या तरी चहाच्या कपामागे मत्तीही होती!

मग १९४०च्या सुमारास मासा दिसेनासा झाला. १९४३ मध्ये मद्रास सरकारने लहान मासे आणि काही जाळी यांवर निर्बंध घातले. त्यातल्या एका जाळ्याचं नावच 'मत्तिकोल्ली वला', म्हणजे मत्ती मारणारं जाळं. नाव ठेवणाऱ्यांना जाळ्याची ताकद पुरती माहीत होती.

हे आज का सांगतेय? कारण केरळात तारलीचं आणखी एक लाडकं नाव आहे, 'कुटुंबम् पुलर्त्ती'. म्हणजे घर चालवणारी. आणि तिथला तारलीचा पकडा २०१२ मध्ये चार लाख टनांच्या आसपास होता, तो २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली आला. समुद्राचं तापमान, पाऊस, जास्तीची मासेमारी, अशी कारणं शास्त्रज्ञ तपासतायत. 'असं आधी कधी झालं होतं?' हा प्रश्न ते विचारतात तेव्हा उत्तर जुन्या दप्तरांत शोधावं लागतं. आणि तिथे तारली, मत्ती, भूताई एकच आहेत हे माहीत नसेल, किंवा पेडवे तिच्यात मिसळले असतील, तर आपली बेरीजच चुकते.

म्हणून मी नावं गोळा करते. पुढच्या वेळी वाटा घेताना कोळणीला विचारा, हिला तुमच्याकडे काय म्हणतात? आणि बारकीला वेगळं नाव आहे का? उत्तर लिहून ठेवा, गावाच्या नावासकट. माझ्यासारख्या कुणाला तरी ते पुढे लागणारच आहे.