मनोहर-मधुमालती आणि आमची लाल शाई

सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीला मिळते. पलीकडच्या काठावर तेलंगणातील काळेश्वर. बाजारात तेलुगू, कचेरीत मराठी आणि आम्ही शिकवतो त्या उर्दू माध्यमाच्या शाळेत मुले घरून जी बोली घेऊन येतात ती दक्खिनी. हा मुलूख १८६० पर्यंत निजामाचा होता. मग तो इंग्रजांकडे गेला, सिरोंचा हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले, आणि १८७४ साली तो जिल्हा मोडून हा भाग चांद्याला जोडला गेला. १९८२ पासून आम्ही गडचिरोली जिल्ह्यात आहोत. सत्ता बदलली, जिल्हे बदलले. घरातली बोली टिकली.

दोन वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गाला आम्ही मनोहर आणि मधुमालतीची गोष्ट सांगितली. एका रात्री पऱ्या झोपलेल्या राजपुत्र मनोहरला पलंगासकट उचलून दूरदेशीच्या मधुमालतीच्या महालात नेतात. दोघांची नजरभेट होते, अंगठ्यांची अदलाबदल होते, आणि पहाटे राजपुत्र पुन्हा आपल्या घरी. बोटात परकी अंगठी! मग तो जोगी होऊन निघतो. जहाज फुटते, जंगलात राक्षसाच्या कैदेतली एक राजकन्या भेटते. तो तिला सोडवतो. ती नेमकी मधुमालतीची मैत्रीण निघते, आणि तिच्यामुळे दोघांची भेट होते. पण मधुमालतीची आई संतापून मुलीला पक्षी करून टाकते. दुसरा एक राजपुत्र त्या पक्ष्याला माहेरी पोहोचवतो, तिला पुन्हा माणसाचे रूप मिळते आणि अखेर दोन लग्ने होतात.

मुले म्हणाली, "सर, फिर क्या हुआ?" आम्ही म्हटले, पुढचा भाग तुम्हीच लिहून आणा.

एका मुलीने तीन पाने लिहून आणली. तिच्या गोष्टीत मधुमालतीला मुलगी झाली आहे. ती रोज आईला विचारते, पंख होते तेव्हा कसे वाटायचे? मधुमालती सांगत नाही, आपल्याच आईने शाप दिला होता हे मुलीला कळू नये म्हणून. शेवटी मुलगी म्हणते, "अम्मी, मेरेकू ताज नको, उड़नाच होना."

गोष्ट वाचून आम्ही खूश झालो, आणि सवयीने लाल पेन उचलले. 'मेरेकू' खोडले, 'नको' खोडले, 'उड़नाच' मधला 'च' खोडला. शुद्ध उर्दूत वाक्य वर लिहून दिले. वही परत गेली. त्यानंतर त्या मुलीने वहीत फक्त प्रश्नांची उत्तरे लिहिली, नेमकी आणि शुद्ध.

आमचे काय चुकले, हे समजण्यासाठी त्या गोष्टीचाच इतिहास पाहावा लागला.

ही गोष्ट १५४५ साली सय्यद मंझन या सूफी कवीने अवधीत 'मधुमालती' या नावाने लिहिली. तो ग्वाल्हेरच्या शेख मुहम्मद गौस यांचा मुरीद. राजा हिंदू, नायक जोग्याच्या वेशातला, आणि विरहातून तावून निघालेला इश्क हाच ईश्वराकडे जाण्याचा मार्ग, हे त्यातले मर्म. नायकाचे नाव आपले की परके, हे या कवीने पाहिले नाही. पुढे औरंगजेबाच्या पदरच्या आकिल खान राझीने ती फारसीत 'मेहर-ओ-माह' म्हणून सांगितली. नायक-नायिका सूर्य आणि चंद्र झाले.

त्यानंतर थोड्याच काळात, १६५७-५८ साली, विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशाहाचा दरबारी कवी मुल्ला नुसरती याने हीच गोष्ट दक्खिनीत आणली. नाव दिले 'गुलशन-ए-इश्क'. राक्षसाच्या कैदेतली पेमा इथे चंपावती झाली, पक्ष्याला घरी पोहोचवणारा ताराचंद चंद्रसेन झाला. फारसीसमोर दक्खिनी कमी नाही, हा नुसरतीचा दावा होता आणि त्याने तो अभिमानाने मांडला. याच भाषेत त्याने १६६५ साली 'अलीनामा' लिहून आदिलशाहाच्या मोगलांशी आणि शिवाजी महाराजांशी झालेल्या लढाया वर्णिल्या. म्हणजे ही बोली पऱ्यांच्या गोष्टीपुरती नव्हती, राज्याचा इतिहासही ती पेलत होती.

नुसरतीपूर्वीही हा रस्ता वाहता होता. पंधराव्या शतकात बहमनी काळात निजामीने 'कदमराव पदमराव' लिहिले. त्यातही जोग्याच्या कपटाने राजाचा जीव पोपटाच्या देहात जातो. या दक्खिनीत मराठीचा 'नको' आहे, ठसक्याचा 'च' आहे. प्रा. श्रीधर रंगनाथ कुलकर्णी यांनी तर दक्खिनीला मऱ्हाठी संस्कृतीचा एक आविष्कारच म्हटले. आमच्या विद्यार्थिनीने चूक केली नव्हती, ती नुसरतीच्या घरची भाषा लिहीत होती.

मग ही भाषा 'चुकीची' कधी झाली? १६८६ साली विजापूर आणि १६८७ साली गोवळकोंडा पडले. दरबार गेले, आश्रय गेला. अठराव्या शतकात साहित्याचे केंद्र दिल्लीकडे सरकले आणि तिथल्या उस्तादांनी जबान 'साफ' करताना दक्खिनी शब्द गावंढळ ठरवले. १७४३ साली दक्खनमध्ये 'गुलशन-ए-इश्क'ची ९७ चित्रांची सुंदर प्रत तयार झाली. आज ती अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे. तिथे ती जपली जाते, आणि इथे आम्ही तिचे शब्द खोडतो.

या विस्मृतीतून दक्खिनीला बाहेर काढणाऱ्यांत मौलवी अब्दुल हक अग्रभागी होते. ते औरंगाबादला शाळांचे निरीक्षक होते, हे आम्हा शिक्षकांना विशेष सांगावेसे वाटते. १९१२ पासून अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम त्यांनी तिथून चालवले. जुन्या हस्तलिखितांचा माग काढला, १९३२ साली वजहीचे 'सबरस' छापले, नुसरतीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. शाळा तपासणाऱ्या या माणसाला बोलीत दोष दिसले नाहीत, खजिना दिसला.

कोणी म्हणेल, बोर्डाच्या परीक्षेत 'मेरेकू' लिहिले तर गुण जातील. खरे आहे. प्रमाण उर्दू शिकवणे हे आमचे काम आहे आणि ते आम्ही सोडणार नाही. आमच्या मुलांना पुढे जायचे तर उर्दूही हवी, मराठीही हवी. पण 'परीक्षेत असे लिहितात' हे सांगणे वेगळे आणि 'तुझ्या घरी चुकीचे बोलतात' हे सांगणे वेगळे. लाल शाईला हा फरक कळत नाही. शिक्षकाला कळला पाहिजे.

मंझनची गोष्ट नुसरतीने पुन्हा सांगितली, कारण ती आपल्या बोलीत सांगण्याची त्याला लाज वाटली नाही. लाज वाटली असती तर ती गोष्ट दक्खनला मिळालीच नसती.

आता आमच्या वर्गात दोन वह्या असतात. एक अभ्यासाची, तिच्यावर लाल पेन चालते. दुसरी गोष्टींची, तिच्यावर आम्ही फक्त सही करतो. ती मुलगी आता दहावीत आहे. मागच्या महिन्यात तिला नुसरतीची हकीकत सांगितली, आमची चूक कबूल केली आणि गोष्टींची कोरी वही दिली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारले, "सर, इसमें नको चलता ना?"

आम्ही म्हटले, "चलताच!"