मृतसंजीवनीचा अधिकार

गेल्या दिवाळीत आमचा नातू पुण्याहून उज्जैनला आला, तेव्हा त्याचे तीन मित्रही सोबत होते. महाकालाचे दर्शन झाले, फराळ झाला आणि रात्री ही मंडळी जेवणाचे टेबल अडवून एक खेळ मांडून बसली. कागद, पेन्सिली आणि वीस पैलूंचा एक फासा एवढेच त्याचे साहित्य. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हे खेळाचे नाव. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांचा हा खेळ प्रसिद्ध झाला. प्रत्येक खेळाडू एकेका काल्पनिक वीराची भूमिका घेतो, एक जण सूत्रधार होतो आणि सर्व मिळून तोंडी कथा रचत जातात. साहस फळले की फसले, हे फासा ठरवितो.

त्या रात्री एका मुलाचा वीर लढाईत मारला गेला आणि खेळ थांबून वाद सुरू झाला. खेळाच्या नियमांत मृतासाठी दोन निरनिराळे मंत्र आहेत. एका मंत्राने मृताला पुन्हा जिवंत करता येते. त्यासाठी ५०० सुवर्णमुद्रांचा हिरा खर्ची घालावा लागतो, मृत्यूला दहा दिवसांहून अधिक काळ लोटलेला चालत नाही आणि मुख्य म्हणजे मृताच्या आत्म्याची परत येण्याची इच्छा असावी लागते. दुसऱ्या मंत्राने प्रेत नुसते चालते होते आणि सांगेल ते काम करते. हिरा महाग होता. तेव्हा एकाने सुचविले की प्रेतच चालते करावे, निदान ओझी तरी वाहील! हे कृत्य सत्कृत्य नव्हे, असे नियमांच्या पुस्तकातही म्हटले आहे. नातू माझ्याकडे वळून म्हणाला, "आबा, मेलेल्याला उठवणं चूक की बरोबर?"

मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनातून जाईना. तो या नगरीला नवा नाही हेही ध्यानात आले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

आरंभ अंकपातापासून करू. तेथील सांदीपनी आश्रमात आपण सर्वांनी आपापल्या मुलांना पाटी पुजण्यासाठी नेले असेल. श्रीकृष्णाने चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला आत्मसात केल्या, हे तेथे प्रत्येक जण सांगतो. गुरुदक्षिणेची कथा मात्र घाईने सांगितली जाते. भागवताच्या दशम स्कंधानुसार सांदीपनींनी पत्नीशी विचारविनिमय केला आणि प्रभासक्षेत्री समुद्रात नाहीसा झालेला आपला पुत्र परत मागितला. कृष्ण-बलराम समुद्राकडे गेले. शंखरूपाने वावरणाऱ्या पंचजन दैत्याला मारले, पण त्याच्या उदरात बालक नव्हते. मग यमाच्या संयमनी नगरीच्या दाराशी जाऊन कृष्णाने तोच शंख फुंकला. बालक स्वतःच्या कर्मानेच तेथे पोचले होते, हे कृष्ण नाकारीत नाही. तरीही तो त्याला मागून घेतो आणि गुरूच्या स्वाधीन करून घरी परततो. या सर्व व्यवहारात कृष्णाने स्वतःसाठी ठेवले काय? एक शंख. उठविलेल्या जीवावर त्याने कसलाही हक्क सांगितला नाही.

याच स्कंधात पुढे या कथेचा उत्तरार्ध आहे. गुरुपुत्र परत आल्याची वार्ता देवकीच्या कानी होती. कंसाने मारलेले आपले सहा पुत्र पाहण्याची इच्छा तिने बोलून दाखविली. कृष्णाने तेही आणले. देवकीने त्यांना पोटाशी धरले, पाजले, आणि ते सर्वांदेखत स्वर्गलोकी निघून गेले. षष्ठ स्कंधातील चित्रकेतू राजाची कथा याहून कठोर आहे. सावत्र मातांनी विष दिलेल्या राजपुत्राचा जीव नारद परत बोलावितात. तो जीव येतो आणि विचारतो, हे माझे आईबाप कोणत्या जन्मीचे? एवढे बोलून तो निघून जातो. मृताला इच्छा असते आणि ती जिवंतांच्या शोकाशी जुळेलच असे नाही, ही गोष्ट अमेरिकन खेळाच्या किती तरी शतके आधी आपल्या पुराणकाराने मांडली होती.

आता वेताळाकडे वळू. राजा विक्रम, स्मशान आणि खांद्यावरचे प्रेत ही उज्जैनची ओळखच होऊन बसली आहे. परंतु आपल्यासारख्या दक्षिणेतून आलेल्या घराण्यांना एक गोष्ट मौजेची वाटेल. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात रचलेल्या 'कथासरित्सागरा'त हा राजा उज्जैनचा नाही. त्याचे नाव त्रिविक्रमसेन आणि राजधानी गोदावरीकाठचे प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण! सोमदेवाने आधारभूत मानलेल्या 'बृहत्कथे'चा कर्ता गुणाढ्य याला परंपरा सातवाहनांच्या दरबारीच बसविते. पुढे लोकपरंपरेत ही कथा अवंतीच्या विक्रमादित्याला चिकटली. राणोजी शिंद्यांच्या काळात आपले पूर्वज नर्मदा ओलांडून माळव्यात स्थिरावले. ही कथा त्यांच्याही आधी त्या वाटेने आली आणि येथलीच होऊन गेली.

वेताळाच्या दोन कथा आपल्या प्रश्नाला थेट भिडतात. पहिली मंदारवतीची. तिचे तीन वर होते. ती ज्वराने मरण पावली, तेव्हा एक तिच्या राखेवर निजून राहिला, दुसरा अस्थी गंगेत नेऊन आला, तिसरा तापसी होऊन भटकू लागला. या तिसऱ्याने एका ब्राह्मणाच्या घरी जळून राख झालेले मूल मंत्राने उठलेले पाहिले. रात्री ती पोथी चोरली आणि येऊन मंदारवतीला उठविले. ती कोणाची पत्नी? आपल्याला वाटते, उठविणाऱ्याची. राजा म्हणतो, नव्हे. ज्याने प्राण दिले त्याने पित्याचे कार्य केले, अस्थी नेणाऱ्याने पुत्राचे, आणि राखेची सोबत न सोडणारा तोच पती.

दुसरी सिंहाची. पंचतंत्रातील कथेत पोथीपंडितांची थट्टा आहे. वेताळ मात्र दोष कोणाचा, असे विचारतो. चार भावांनी जंगलातील एका हाडावर क्रमाने मांस, कातडे-केस आणि अवयव चढविले, चौथ्याने प्राण घातले, आणि उठलेल्या सिंहाने चौघांना खाल्ले. राजा दोष चौथ्याला देतो. पहिल्या तिघांना प्राणी कोणता हे ठाऊक नव्हते. चौथ्याच्या डोळ्यांपुढे सिंह स्पष्ट उभा होता आणि तरीही विद्येच्या प्रदर्शनासाठी त्याने प्राण घातले. शासकीय सेवेत तीस-बत्तीस वर्षे घालविलेल्या माझ्यासारख्याला हा निवाडा मनोमन पटतो. फायलीवर शेवटची सही करणाऱ्याला 'मला काय ठाऊक' म्हणण्याची सोय नसते.

आणि या सर्व कथांना वेढणारी कथा तर प्रेताला राबविण्याचीच आहे. क्षांतिशील नावाचा भिक्षू रोज राजाला फळ देतो, फळात रत्न असते. या देणगीच्या मोबदल्यात त्याला शिसवीच्या झाडावरचे प्रेत हवे आहे, त्यातील वेताळाच्या बळावर सिद्धी हवी आहे आणि त्यासाठी राजाचाच बळी द्यायचा आहे. ज्याला मेलेला माणूस साधन वाटतो, त्याला जिवंत माणूसही साधनच वाटतो. शेवटी वेताळ राजाला सावध करतो आणि भिक्षूचे मस्तक उडते.

मराठी वाचकाला येथे कच आठवल्यावाचून राहणार नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९१३ सालच्या 'विद्याहरण' नाटकाने ही महाभारतकथा घरोघर पोचविली. असुरांनी तिसऱ्यांदा मारून, जाळून मद्यातून पाजलेला कच शुक्राचार्यांच्या पोटातून संजीवनीच्या बळावर बाहेर येतो आणि मग गुरूला उठवितो. देवयानी विवाहाची मागणी करते, तेव्हा तो नकार देतो. ज्या उदरातून ती जन्मली त्यातच आपण राहिलो, म्हणून ती भगिनी ठरते, असे तो सांगतो. देवयानीवर हा अन्याय झाला असे मला तरुणपणी वाटे, आजही थोडे वाटते. पण मंदारवतीच्या निवाड्याशेजारी कचाचे उत्तर ठेवले की दोन्हींत एकच धागा दिसतो. प्राण देणे म्हणजे जन्म देणे. त्यातून मातापित्यांचे कर्तव्य निर्माण होते, उपभोगाचा वा मालकीचा अधिकार निर्माण होत नाही.

हे सारे मी पांडित्यासाठी लिहीत नाही. चार वर्षांपूर्वी माझी पत्नी अतिदक्षता विभागात होती. हृदय थांबलेच तर ते पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करायचा का, असे डॉक्टरांनी विचारले. धाकटा मुलगा परदेशातून दूरध्वनीवर 'सर्व काही करा' असे सांगत होता. तिने मात्र आजाराच्या आरंभीच मला बजावून ठेवले होते की नळ्यांत गुंतवून मला अडकवू नका. मी 'नको' म्हटले. अशी इच्छा आधी लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली होती, पण आम्ही लिहून काही ठेवले नव्हते. धाकट्याने त्या उत्तराविषयी माझ्याशी अद्याप शब्द काढलेला नाही. त्याचा शोक खोटा नाही. सांदीपनींचाही नव्हता. सांदीपनींच्या दारी कृष्ण आला होता, माझ्यापाशी तिचा शब्द तेवढा होता.

म्हणून नातवाला मी पत्राने कळविले की उठविणे चूक की बरोबर, हे एका शब्दात सांगता येत नाही. आधी तीन गोष्टी विचाराव्या. कोणासाठी उठवितो आहेस? उठलेल्यावर हक्क सांगणार आहेस काय? आणि ज्याला उठवायचे, त्याला विचारलेस काय? ओझी वाहण्यासाठी प्रेत चालते करणारा मित्र पहिल्याच प्रश्नाला अडतो. त्याला क्षांतिशीलाची गोष्ट सांग.

नातवाचे उत्तर आले. त्या रात्री मी झोपावयास गेल्यावर मुलांनी हिऱ्यासाठी वर्गणी जमविली होती आणि मग मेलेल्या वीराच्या खेळाडूला विचारले होते. तो 'नको' म्हणाला. वाद चालू असताना त्याने दुसऱ्या कागदावर नवा वीर तयार करून ठेवला होता.