वृत्ति आणि उपजीविका

‘वृत्ति’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. मनाचा स्वाभाविक कल तीहि वृत्ति, आणि पोट भरण्याचें साधन तीहि वृत्ति. शब्दांत हे दोन अर्थ गुण्यागोविंदानें नांदतात. मनुष्याच्या आयुष्यांत मात्र त्यांची गांठ क्वचितच पडते. आमच्या जुन्या समाजव्यवस्थेंत हा प्रश्न बहुधा उद्भवतच नसे. सुताराचा मुलगा सुतार, कुळकर्ण्याचा मुलगा कुळकर्णी. वतनाबरोबर धंदाहि वारशानें येई. १८५७ सालीं मुंबईस विश्वविद्यालय स्थापन झालें आणि पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मूठभर तरुणांपुढें, आपण कोण व्हावें, हा प्रश्न नव्यानें उभा राहिला. स्त्रियांना आणि समाजाच्या फार मोठ्या भागाला तो विचारण्याची मुभाहि त्या काळीं नव्हती, हें विसरून चालणार नाहीं.

अध्यापनांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस हा प्रश्न दरसाल ऐकावा लागतो. आवडीचें काम आधीं हुडकून काढावें आणि मग त्यांत पडावें, अशी बहुतेक विद्यार्थ्यांची कल्पना असते. आणि तसें काम दिसेनासें झालें कीं आपला जन्म फुकट गेला असें त्यांस वाटूं लागतें. ही कल्पना कितपत खरी, हें पाहण्यासाठीं महाराष्ट्राच्या इतिहासाची सेवा करणाऱ्या तिघांच्या आयुष्याकडेच वळूं.

गोविंद सखाराम सरदेसाई यांचा जन्म १८६५ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील गोविल येथें झाला. बी. ए. झाल्यावर १८८९ सालीं ते बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पदरीं राहिले. काम कोणतें? महाराजांना ग्रंथ वाचून दाखवावयाचे आणि पुढें राजपुत्रांना शिकवावयाचें. या नोकरींत संशोधनाचा वासहि नव्हता. परंतु शिकविण्यासाठीं त्यांनीं इतिहासाचीं टांचणें काढलीं, आणि टांचणांचे हळूहळू ग्रंथ झाले. १८९८ सालीं ‘मुसलमानी रियासत’ आणि १९०२ सालीं ‘मराठी रियासती’चा पहिला भाग प्रसिद्ध झाला. १९२५ सालीं नोकरी सुटल्यावर ते कामशेतास जाऊन राहिले. आणि इतर लोक जेव्हां विश्रांति घेतात त्या वयांत, १९३० ते १९३४ या काळांत, त्यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग संपादून काढले.

वासुदेवशास्त्री खरे हे मिरजेच्या शाळेंत संस्कृताचे शिक्षक. काव्य आणि नाटक यांची त्यांना हौस होती, व नाटकें त्यांनीं लिहिलींहि. पण मिरज म्हणजे पटवर्धन सरदारांचें ठिकाण. त्यांच्या दप्तरांत पेशवाईच्या उत्तरार्धाचा पत्रव्यवहार पडून होता. शास्त्रीबोवांचें लक्ष त्या रुमालांकडे गेलें आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ बाहेर पडूं लागला. शाळा चालूच होती, मुलांचीं रूपें आणि समासहि चालूच होते. १९२४ सालीं देह ठेवीपर्यंत त्या कामाचा ध्यास त्यांना सुटला नाहीं.

तिसरे विश्वनाथ काशीनाथ राजवाडे. यांचा मार्ग अगदीं निराळा. त्यांनीं थोडे दिवस शिक्षकाचें काम करून तें सोडलें, आणि पुढें नोकरीचें जूं मानेवर घेतलें नाहीं. ‘भाषांतर’ नांवाचें मासिक काढून पाहिलें. मग जुन्या कागदांचा नाद लागला, आणि १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड निघाला. पुढें असे २२ खंड झाले. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापण्यांत ते अग्रेसर होते. पत्नी अकालीं वारली, त्यांनीं पुन्हा संसार मांडला नाहीं; गांवोगांव दप्तरें धुंडाळीत आयुष्य काढलें आणि १९२६ सालीं धुळ्यास त्यांचा अंत झाला.

या तिघांच्या चरित्रांत एक गोष्ट ठळक दिसते. आपला विषय पक्का ठरवून यांपैकीं कोणीहि घराबाहेर पडला नाहीं. एकाला तो शिकवितां शिकवितां सांपडला, दुसऱ्याला गांवच्या दप्तरांत. नोकरी झुगारून देणाऱ्या राजवाड्यांनाहि भाषांतराच्या आडवाटेनें जावें लागलें. आवड ही मनाच्या कोपऱ्यांत तयार होऊन बसलेली वस्तु नव्हे. हाताला काम लागलें म्हणजे तिची ओळख पटते.

आणखी एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. तिघांचा विषय एकच, पण काम एक नव्हे. राजवाडे मूळ कागद उजेडांत आणीत आणि प्रस्तावनांतून मोठमोठे सिद्धान्त मांडून वादाला तोंड फोडीत. तो त्यांच्या झुंजार स्वभावाचाच आविष्कार. शास्त्रीबोवा पत्रें निवडीत, लावीत, आणि मधल्या जागा कथासूत्रानें सांधीत. ती जन्मजात शिक्षकाची चिकाटी. सरदेसाई इतरांनीं खणून काढलेली सामग्री एकत्र करून सलग हकीकत सांगत. ते मुळांत कथन करणारे. राजवाड्यांना रियासत लिहावयास बसविलें असतें तर ती पुरी होतीना, आणि सरदेसाई राजवाड्यांसारखे वणवण हिंडते तर रियासतच झाली नसती. तेव्हां, कोणता विषय मला रुचेल, एवढेंच विचारून भागत नाहीं. त्या विषयांत कोणत्या रीतीनें राबणें मला मानवेल, हें ओळखावें लागतें.

यावर कोणी म्हणेल कीं सरदेसायांना विद्याव्यासंगी राजा लाभला. ज्याचा सारा दिवस नोकरीच खाऊन टाकते त्यानें काय करावें? हा आक्षेप खोटा नाहीं. संधि सर्वांना सारखी मिळत नाहीं, आणि राजवाड्यांप्रमाणें नोकरीला लाथ मारणाऱ्याला तिची किंमत उभ्या संसारानें मोजावी लागते. ती मोजण्याची तयारी नसेल तर नुसत्या अनुकरणानें घरच्या माणसांची उपासमार मात्र होईल. पण नावडत्या नोकरींत बसून आपल्या गुणांची वाट पाहत राहणें, हाहि एक प्रकारचा आळसच होय. शास्त्रीबोवांना शाळेच्या तासांतून कोणी सूट दिली नव्हती.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें एवढेंच: भाकरीचें काम मिळेल तें पत्करावें, पण त्यांत वावरतांना डोळे उघडे ठेवावे. कोणत्या कामाशीं आपला वेळ नकळत जातो, कोणत्या कागदावरून हात उचलवत नाहीं, याची नोंद ठेवावी. बडोद्याचीं टांचणें आणि मिरजेचे रुमाल पुष्कळांच्या दृष्टीस पडले असतील. ते ज्याचे होते त्यानेंच ते उघडले.